आई-बाबांना घेऊन जपान : पास, गाड्या, बॅगा आणि जिने

अबोली

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आई-बाबांना घेऊन बारा दिवस जपानला जाऊन आले. बाबा ७१, आई ६८. आईचे दोन्ही गुडघे झिजलेत, सलग दोन जिने चढली की तिला बसावंच लागतं. टूरबरोबर जा, असं घरी सगळ्यांचं म्हणणं होतं. पण सकाळी साडेसहाला बॅगा खोलीबाहेर, सातला नाश्ता, आठला बस हे आईला झेपणारं नाही. म्हणून आमचे आम्ही गेलो. टोकियो पाच रात्री, क्योटो चार, हिरोशिमा एक, ओसाका एक, आणि ओसाकाहूनच परतीचं विमान.

जाण्याआधी दोन महिने मी रोज रात्री रेल्वेच्या पासबद्दल वाचत होते. कोणता पास, किती दिवसांचा, कधी सुरू करायचा. तिथे गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी कळलं की खरी अडचण तिकिटाची नाही. टोकियोतल्या शिंजुकु स्थानकाच्या फलाटावरून आई रस्त्यावर कशी पोहोचणार, ही खरी अडचण आहे. याबद्दल मला मराठीत काहीच सापडलं नव्हतं, म्हणून हा धागा.

शिंजुकु म्हणजे दादर समजा. फक्त दादरला पूर्व आणि पश्चिम कळलं की माणूस सुटतो. इथे बाहेर पडायच्या वाटा दोनशेच्या वर आहेत. आम्ही समोर दिसला तो जिना चढलो आणि रुळांच्या भलत्याच बाजूला निघालो. हॉटेल नकाशावर अगदी जवळ दिसत होतं, पण वळसा घालून जायला पंचवीस मिनिटं लागली. वाटेत बसायला एक बाक मिळेना. आई एका दुकानाच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, "तुम्ही दोघं या बघून, मी इथेच थांबते." मला फार वाईट वाटलं. चूक माझी होती, सोसत ती होती.

त्या रात्री बसून सगळा बेत उलटा लावला. आधी कुठे जायचं ते ठरवून मग गाडी शोधायची, असं मी करत होते. आता आधी त्या ठिकाणाला लागून असलेला, लिफ्ट असलेला स्थानकाचा दरवाजा कोणता ते बघायचं आणि तिथून मागे मागे येत गाडी ठरवायची. मेट्रोत प्रत्येक दरवाज्याला क्रमांक असतो, ए-१, बी-३ असा, आणि पिवळ्या पाट्यांवर तो ठळक लिहिलेला असतो. सगळ्या दरवाज्यांना लिफ्ट नसते. बऱ्याच स्थानकांत ती एकाच ठिकाणी असते. मेट्रोच्या फलाटांवर खांबाला किंवा भिंतीला एक तक्ता लावलेला असतो. पुढच्या प्रत्येक स्थानकात कोणत्या क्रमांकाचा डबा लिफ्टसमोर थांबेल आणि कोणता सरकत्या जिन्यासमोर, ते त्यात दाखवलेलं असतं. डब्याचा क्रमांक फलाटावरही रंगवलेला असतो. चढतानाच योग्य डब्यात चढलं की उतरल्यावर शंभर-दीडशे मीटर चालणं वाचतं. दिवसातून सहा वेळा गाडी बदलली तर हिशेब करा!

आता पास. देशभरचा सात दिवसांचा जेआर (जपान रेल्वे) पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन झाला. आमची सुटी तिकिटं अशी पडली : टोकियो ते क्योटो साधारण १४,०००, क्योटो ते हिरोशिमा साधारण ११,५००, हिरोशिमा ते शिन-ओसाका साधारण १०,५००. माणशी ३६,००० येन. तिघांचे चाळीस हजारांच्या वर येन वाचले. शिवाय नोझोमी ही सगळ्यात वेगवान शिंकानसेन (बुलेट ट्रेन) पासवर जादा पैसे भरल्याशिवाय घेता येत नाही. आम्ही बिनधास्त नोझोमीने गेलो, अडीच तासांच्या आत क्योटो.

बॅगांचं नंतर लिहिते, आईला डॉक्टरांकडे न्यायचं आहे.

देवगडकर

चांगला धागा. मात्र पास घेऊच नका असा निष्कर्ष कोणी काढू नये. आम्ही गेल्या वर्षी क्योटोत तळ ठोकून हिमेजी, ओकायामा, हिरोशिमा, मियाजिमा केलं. त्यासाठी पश्चिमेकडचा विभागीय पास घेतला होता. त्यात शिन-ओसाका ते हिरोशिमा शिंकानसेन येते, मियाजिमाची जेआरची फेरी बोटही येते. क्योटो ते शिन-ओसाका हा तुकडा शिंकानसेनने त्यात बसत नाही, पण तिथे साधी जलद गाडी अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते. आम्हाला हा पास चांगलाच फायद्याचा पडला.

एका जागी राहून रोज लांब जाऊन परत येणार असाल तर विभागीय पासाचा हिशेब नक्की करा. एका दिशेने पुढे पुढे जाणार असाल तर अबोली म्हणतात तशी सुटी तिकिटं.

अबोली

देवगडकर, पटलं. आम्ही हिरोशिमाला राहिलो, म्हणून आमचा हिशेब वेगळा झाला. आईला रोज चार तासांचं बसणं नको होतं.

आता बॅगा. तोकाइदो, सान्यो आणि क्यूशू या मार्गांवरच्या शिंकानसेनमध्ये मे २०२० पासून नियम आहे. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर डब्याच्या शेवटच्या रांगेमागची जागा आसनासोबत आधी राखून ठेवावी लागते. त्याचे वेगळे पैसे नाहीत, पण न राखता बॅग आणली तर १,००० येन भरावे लागतात. २५० सेंटिमीटरच्या वर तर नेताच येत नाही. आपण विमानात टाकतो त्या मोठ्या बॅगा हटकून १६०ची रेघ ओलांडणाऱ्या किंवा तिच्या काठावरच्या असतात. घरीच टेप लावून मोजा.

आम्ही बॅगा नेल्याच नाहीत, पाठवून दिल्या. तिकडे याला ताक्युबिन म्हणतात. काळी मांजर पिल्लाला तोंडात धरून नेते आहे, असं चित्र ज्यांच्या गाड्यांवर असतं त्यांनी ही सेवा १९७६ मध्ये सुरू केली. हॉटेलच्या काउंटरवर आदल्या दिवशी सकाळी बॅगा द्यायच्या, तिथली मुलगी पुढच्या हॉटेलचा पत्ता आणि तारीख फॉर्मवर लिहून देते. आकार आणि अंतरानुसार एका मोठ्या बॅगेला दोन-तीन हजार येन. टोकियोत दिलेल्या बॅगा दुसऱ्या दिवशी क्योटोच्या खोलीत आमच्या आधी उभ्या होत्या! पुढे क्योटोहून त्या सरळ ओसाकाच्या हॉटेलवर धाडल्या आणि हिरोशिमाला तिघं मिळून एका पाठपिशवीत गेलो.

बॅग दुसऱ्या दिवशी पोहोचते, त्यामुळे एका रात्रीचे कपडे जवळ हवेत. आणि औषधं, कागदपत्रं, पासपोर्ट कधीही त्या बॅगेत टाकू नका. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी शेवटच्या क्षणी काढून घेतल्या.

गारवा

ताई, फार उपयोगी. आम्ही चौघं जाणार आहोत, मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मुलीला सुट्टी मे महिन्यातच असते. २ मे ते १२ मे असं बघतोय. चालेल का? आणि तिकिटाऐवजी टॅप करायचं कार्ड असतं म्हणतात, ते नक्की काय?

मुक्काम_नागोया

गारवा, शक्य असेल तर आठवडाभर पुढे ढकला. २९ एप्रिल ते ५ मे हा इथे जपानमध्ये गोल्डन वीक, सुट्ट्यांचा आठवडा. सगळा देश एकाच वेळी बाहेर पडतो. त्या दिवसांत नोझोमीमध्ये बिनराखीव डबाच नसतो, सगळी गाडी आरक्षित. ऑगस्टच्या मध्यात ओबोन सणाला आणि नववर्षालाही तसंच. ७ किंवा ८ मेपासून सगळं निवळतं. हॉटेलांचे दरही उतरतात.

कार्डाचं. टोकियोत सुइका किंवा पास्मो, ओसाकाकडे इकोका. नावं वेगळी असली तरी २०१३ पासून ही मोठी दहा कार्डं देशभर एकमेकांच्या ठिकाणी चालतात. लोकल, मेट्रो, बहुतेक शहरी बस, पेयांची यंत्रं, सामानाचे लॉकर, कोपऱ्यावरची दुकानं, सगळीकडे. पर्यटकांसाठी २८ दिवस चालणारं वेलकम सुइका आहे, त्याला अनामत नाही, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून थोडे थोडे भरा. मुलीसाठी लहान मुलांचं कार्ड मागा, पासपोर्ट दाखवावा लागतो, ६ ते ११ वयाला निम्मं भाडं आहे. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनवर हे कार्ड सहसा उतरत नाही, तेव्हा प्रत्यक्ष कार्डच धरून चाला. भरण्यासाठी रोख लागते. रोख दुकानांतल्या एटीएममधून आपल्या बँकेच्या कार्डावर मिळते.

दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. एक, कार्ड सगळीकडे चाललं तरी एकाच प्रवासात दोन क्षेत्रांत चालत नाही : टोकियोच्या क्षेत्रात टॅप करून आत गेलात आणि लोकल बदलत बदलत दुसऱ्या क्षेत्रात बाहेर पडायला गेलात तर दार उघडत नाही. लांबच्या प्रवासाला कागदी तिकीट काढा. दुसरी, शिंकानसेन नुसत्या टॅपवर होत नाही.

आता धीराची एक गोष्ट. इथे चुकून कमी पैशांचं तिकीट काढलं तर दंड होत नाही. बाहेर पडण्याच्या दारांच्या अलीकडे फरक भरायचं पिवळं यंत्र असतं, त्यात तिकीट घालायचं, उरलेले येन भरायचे, बाहेर. मुंबईत वाढलेल्या माणसाच्या मनात टीसीची धास्ती असते. माझे वडील पहिल्यांदा आले तेव्हा प्रत्येक दारापाशी तिकीट हातात घट्ट धरून उभे राहायचे. यंत्र जमत नसेल तर कडेच्या खिडकीत माणूस असतो, त्याला तिकीट दाखवा. तो रागावत नाही.

गाड्यांचे प्रकार मात्र पाठ करा. काकुएकि म्हणजे प्रत्येक स्थानकावर थांबणारी. कायसोकु म्हणजे जलद, जादा पैसे नाहीत. तोक्क्यु म्हणजे अतिजलद. जेआरच्या तोक्क्युला वेगळं तिकीट लागतं, काही खासगी मार्गांवरच्या तोक्क्युला लागत नाही. क्योटोच्या फुशिमी इनारी देवळाला जाताना हमखास गोंधळ होतो. क्योटोहून नारा मार्गावर इनारी हे दुसऱ्या क्रमांकाचं स्थानक, पण जलद गाडी तिथे थांबत नाही. ती समोर उभी दिसते, लोक पटकन चढतात आणि देवळाचा लाल दरवाजा खिडकीतून मागे पडताना बघतात.

पाऊलवाट

जलद गाडीवरून आठवलं, आमचं तर परतीचं विमान थोडक्यात वाचलं. ओसाकाहून कानसाई विमानतळाला जाणारी जलद गाडी पकडली. गाडीवर दोन नावं दिसत होती, विमानतळ आणि वाकायामा. मला वाटलं, आधी एक येईल, मग दुसरं. बॅगा लावल्या, बसलो, बायकोला डुलकी लागली. हिनेनो नावाचं स्थानक आलं, गाडी जरा जास्तच वेळ थांबली. समोरच्या आजोबांनी आमच्या बॅगांकडे बघितलं, माझ्या खांद्याला हात लावला, "एअरपोर्ट?" म्हणाले आणि पुढच्या डब्यांकडे जोरजोरात बोट दाखवू लागले. मला काही कळेना. शेवटी त्यांनी स्वतः उठून आमची एक बॅग दाराबाहेर ठेवली, तेव्हा आम्ही उतरून पळालो. पुढचे चार डबे तुटून विमानतळाकडे गेले, मागचे चार वाकायामाकडे. आम्ही मागच्या चारांत होतो.

त्या आजोबांचे आभारही मानायचे राहिले. दार बंद झालं आणि ते काचेतून हात हलवत होते.

तेव्हा गाडीवर दोन ठिकाणांची नावं दिसली की आपला डबा कुठे जाणार ते विचाराच.

मुक्काम_नागोया

अगदी खरं. नारिता विमानतळाहून येणारी एक्सप्रेससुद्धा टोकियो स्थानकात दुभागते, काही डबे शिंजुकुकडे आणि काही योकोहामाकडे जातात. डब्यातल्या पडद्यावर इंग्रजीत येतं, पण थकलेला माणूस पडद्याकडे बघत नाही.

वरणफळ

थोडं अवांतर, गाडीत शाकाहारी माणसाने खायचं काय? स्थानकावरचे जेवणाचे डबे बघून आमच्या मातोश्री घाबरल्या होत्या.

अबोली

वरणफळ, स्थानकावरच्या एकिबेन डब्यांत जवळजवळ सगळ्यांत मासे किंवा मांस असतं, आणि भाजी दिसली तरी ती माशाच्या पाण्यात शिजवलेली असू शकते. आम्ही लांबच्या गाडीला घरचे ठेपले, दशम्या आणि तिथली फळं नेली. आंबट उमेबोशी (खारवलेलं फळ) घातलेला भाताचा त्रिकोण बाबांना आवडला, पण तोही घटक बघून घ्या. शिंकानसेनमध्ये जेवायला काहीच हरकत नाही, समोर फळीही असते. लोकल आणि मेट्रोत मात्र कोणी खात नाही.

कळसूबाई

सगळे गाड्यांचं लिहितायत म्हणून मोटारीचं थोडं लिहिते. शहरात गाडी घेऊ नका, पार्किंगच खाऊन टाकेल. पण उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर आम्ही सहा दिवस गाडी भाड्याने घेतली आणि आयुष्यभर लक्षात राहील असं फिरलो. रस्त्याची डावी बाजू, आपल्यासारखंच. भारतातून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना चालतो, तो १९४९च्या जिनिव्हा कराराप्रमाणेचा हवा, मूळ परवाना आणि पासपोर्ट सोबत. रेल्वे फाटक उघडं असलं तरी प्रत्येक वेळी गाडी पूर्ण थांबवून दोन्हीकडे बघायचं, हा नियम आहे. गाडीतल्या नकाशायंत्रात पत्त्याऐवजी हॉटेलचा फोन नंबर टाकला की ते बरोबर नेतं, हे कळल्यावर जपानी पत्त्यांची कटकट संपली.

गारवा

सगळ्यांचे मनापासून आभार. तारखा ९ मे ते २० मे केल्या! सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, चालतात, पण हळू. अबोलीताई, तुम्ही आईंसाठी चाकांची खुर्ची घेतली होती का? सासूबाईंना विचारलं तर त्या दुखावल्या जातील, असं वाटतंय.

अबोली

गारवा, हे मी लिहू की नको असं चाललं होतं, बरं झालं विचारलंस.

बाबांनी पुण्याहूनच घडीची हलकी खुर्ची घेतली होती, आईला न सांगता. विमानात तिचं वेगळं भाडं पडत नाही. टोकियोत तीन दिवस ती पलंगाखाली पडून होती. आईने बघितलं तेव्हा ती चिडली, "मी काय आजारी आहे का?" चौथ्या दिवशी उएनोच्या बागेत मी तिला एवढंच म्हटलं, की ही चालण्यासाठी नाही, बाक मिळत नाहीत म्हणून आपलं बाक आपण बरोबर नेतोय. ती बसली. मग गाडीपर्यंतही बसूनच आली.

आणि तिथून सगळं बदललं. स्थानकाच्या दाराशी असलेल्या कर्मचाऱ्याने विचारलं, कुठे उतरणार. त्याने फोन केला, घडीचा उतार काखेत घेऊन आमच्याबरोबर फलाटावर आला, डबा आणि फलाट यांमधल्या फटीवर तो उतार टाकला, आईला आत घेतलं, वाकून नमस्कार केला. आम्ही उतरायच्या स्थानकात दार उघडलं तर बरोबर त्याच दारासमोर दुसरा माणूस तसाच उतार घेऊन उभा! बाबा चाळीस वर्षं मुंबईच्या लोकलने गेले आहेत. ते काही बोलले नाहीत, त्या मुलाचा हात धरून उभे राहिले.

याला वेळ लागतो. कधी एखादी गाडी सोडून पुढची घ्यावी लागते, म्हणून दहा-पंधरा मिनिटं हाताशी ठेवायची. ऐन गर्दीच्या वेळी, सकाळी साडेसात ते साडेनऊ, आम्ही खोलीबाहेर पडलोच नाही.

क्योटोत आम्ही बसचा हट्ट सोडला. तिथे बसमध्ये मागच्या दाराने चढायचं, पुढून उतरताना २३० येन, हे सोपं आहे. पण देवळांच्या मार्गावर बस इतक्या भरतात की उभं राहायलाही जागा नसते. आणि स्वस्तात मिळणारा बसचा एकदिवसीय पास आता बंद झालाय, मेट्रो आणि बस मिळून ११०० येनचा आहे. भुयारी रेल्वेने जवळ जाऊन पुढचं टॅक्सीने, हे आम्हाला जमलं. टॅक्सीचं मागचं दार चालक आपल्या जागेवरून उघडतो, हात लावू नका. बक्षिसी द्यायची नसते. हिरोशिमाच्या ट्राम तर आईला फारच आवडल्या, नव्या ट्रामची पायरी फलाटाला इतकी लागून असते की ती कोणाचाही हात न धरता चढली.

सासूबाईंना विचारू नकोस, घडीचं बाक घेतोय म्हणून सांग.

मुक्काम_नागोया

अबोली, तुमचा हा प्रतिसाद आमच्या सौ.ना वाचून दाखवला. तिची आई डिसेंबरमध्ये येत आहे.

गारवा, एक भर. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. आमच्या नागोयात ऑक्टोबर २०२३ पासून नियमच केलाय की जिन्यावर चालायचं नाही, दोन्ही बाजूंना उभंच राहायचं. सासूबाईंना ज्या हाताने कठडा नीट धरता येतो त्या बाजूला उभं करा, मागे तुम्ही. कोणी काही म्हणणार नाही. आणि शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास जाते, त्यानंतर पहाटे पाचपर्यंत काही नाही. ज्येष्ठ सोबत असताना रात्री दहाच्या आत परतलेलं बरं.

गारवा

शेवटचा प्रश्न. टोकियो ते क्योटो नोझोमीची आसनं आज काढतेय. फुजी कोणत्या बाजूला दिसतो? चार आसनं कशी घेऊ?

मुक्काम_नागोया

जाताना उजवीकडे. एका रांगेत ए-बी-सी आणि डी-ई अशी आसनं असतात, ई खिडकीचं. चौघांसाठी मागेपुढे दोन रांगांत डी-ई, डी-ई घ्या. पुढच्या दोन आसनांना खालून पायाने कळ दाबून फिरवता येतं, म्हणजे समोरासमोर बसाल. टोकियो सोडल्यावर साधारण पाऊण तासाने शिन-फुजी स्थानक मागे पडतं आणि लगेच नदीवरचा लांब पूल लागतो. तिथे मध्ये इमारती नाहीत. मे महिन्यात सकाळच्या गाडीला संधी जास्त, दुपारी ढग येतात.

अबोली

आम्ही सकाळी साडेआठची घेतली होती. शिखर ढगात होतं, खालचा अर्धा डोंगर दिसला, बर्फाच्या रेघांसकट. आईला ई दिली होती. तिने दोन्ही हात जोडले, आणि पूल संपेपर्यंत तसेच ठेवले.